चौलची वस्ती, चिंचणीचा ताम्रपट

ढाणकीला शिक्षकांशी गप्पा मारताना प्रश्न निघाला : महाराष्ट्रात इस्लाम कधी आला? उत्तर ठरलेलं – 1296, अल्लाउद्दीनची देवगिरीवरची स्वारी.

पण त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावर अरब व्यापारी राहत होते. अल-मसूदी हा प्रवासी इ.स. 916च्या सुमारास चौलला आला. तिथं दहा हजार मुसलमान आहेत, असं तो लिहितो. (आकडा ढोबळच धरायचा!) इथंच जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत. त्यांचा प्रमुख त्यांच्यातलाच, पण नेमणूक राष्ट्रकूट राजाची.

डहाणूजवळ चिंचणीला मिळालेला 926चा ताम्रपट तर वर्गात सांगावाच. संजाण प्रांताचा राष्ट्रकूट अधिकारी ‘मधुमती’, म्हणजे मुहम्मद. ‘ताजिक’, अर्थात अरब. त्याने नदी ओलांडायला फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं, आणि इंद्र तिसऱ्याच्या संमतीने देवीच्या मठाला जमीन दिली.

राजाने परक्याला एवढं का द्यावं? बंदराच्या जकातीसाठी, असं मला वाटतं. सहाराच्या दक्षिणेला, सोन्या-मिठाच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या घाना राज्यातही हेच दिसतं. 1068मध्ये अल-बक्री लिहितो : राजा मुसलमान नाही, पण त्याचा खजिनदार आणि बहुतेक मंत्री मुसलमान, व्यापाऱ्यांचं गाव वेगळं, त्यात बारा मशिदी.