देवीचे राऊळ आणि खाराचा बांध

॥ श्री ग्रामदेवता प्रसन्न ॥



देणगीदारांच्या उदार हस्ते व आपणा सर्वांच्या श्रमाने ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस गेला. या मंगल प्रसंगी आपल्या खाराचा इतिहास थोडक्यात लिहावा, असे कमिटीने सुचविले. दप्तरात काम करणारा मी. जे ठाऊक आहे तेच सांगतो.

अलिबाग-पेण पट्टीतील खारजमीन आपल्या वाडवडिलांनी खाडीकडून मिळविलेली आहे. चिखलमातीचा बांध घालून त्यात उघाडी बसवीत. भरतीच्या दाबाने उघाडीचे दार आपोआप मिटते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर जाते. काही पावसाळ्यांनी खार धुऊन निघतो व भात पिकू लागते. असा बांध घालणाऱ्यास शिलोत्रदार म्हणत. बांधाच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे ‘शिलोत्री मण’ घेतला जाई.

जमीन पिकली, तरी कुळाच्या पदरी थोडेच पडे. म्हणून १९३३ साली चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. कसणाऱ्याचे नाव सातबारावर चढले, ते असे उपाशी राहून.

१९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला, १९७९ साली खारभूमी विकासाचा. बांधाची जबाबदारी सरकारने घेतली, हे चांगलेच झाले. पण ‘बांध सरकारचा’ म्हणून आपण एक टोपली मातीही टाकीनासे झालो. खेकड्याचे बीळ वेळीच बुजविले नाही, तर उधाणात तिथेच खांड पडते. खारे पाणी शिरलेल्या शेतात पुढे तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने व २०१८ साली अंतिम निकालाने तिवरांच्या तोडीस बंदी केली आहे. तिवरे लाटा अडवितात, मासळीला आसरा देतात. बंदी योग्यच आहे. परंतु आपल्या हयगयीने शेतात तिवरे वाढली, तर ते शेत पुन्हा हाती येणे कठीण.

१९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले. २०११ व २०१९ साली ते नियम बदलले. घराला परवानगी मिळेना, की आपण कुरकुरतो. पण हा निर्बंध नसता, तर खाडीकाठ बंगल्यांच्या कुंपणांनी केव्हाच अडला असता, हेही ध्यानात घ्यावे.

देवळासाठी घरोघर वर्गणी निघाली, मुंबईकर चाकरमान्यांनीही हात आखडता घेतला नाही. तशीच दर वैशाखात, पावसाआधी, घरटी एक माणूस एक दिवस बांधावर यावा, एवढीच विनंती. देवीला नैवेद्याचा भात तिच्याच खारातला मिळत राहो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.