थाळनेरचा किल्लेदार

शिंदखेड्याहून प्रवासांत तापी उतरून थाळनेर पाहण्याचा योग आम्हांस आला. फारुकी घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा 1399 सालीं वारला. त्याची कबर येथेंच आहे. परंतु आमचें मन गुंतलें तें तापीकांठच्या पडक्या किल्ल्यांत.

मंदसोरच्या तहानें (6 जानेवारी 1818) होळकरांनीं हें ठाणें इंग्रजांस दिलें. 27 फेब्रुवारीस सर टॉमस हिस्लॉप फौजेनिशीं येथें आला. किल्लेदार तुळशीराम मामा यानें प्रथम सामना केला, मग बाहेर येऊन तो स्वाधीन झाला. त्यानंतर आंतल्या दरवाजापाशीं अरबांशीं चकमक उडून मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर पडले. शिबंदीची कत्तल झाली व किल्लेदारास त्याच दिवशीं फांशीं दिलें. 1819 सालीं पार्लमेंटांत या फांशीविषयीं प्रश्न निघाला.

जो आधींच शत्रूच्या हातीं होता, त्याच्या माथीं आंतील चकमकीचा दोष मारतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. तह झाल्यावर लढला, हा एकच आरोप उरतो. पण धन्याचें आज्ञापत्र त्यास वेळेवर पोंचलें होतें काय? त्यावांचून त्यास बंडखोर कसें म्हणावें? खानदेशांतील दप्तरांच्या संग्राहकांनीं त्या दोन महिन्यांचे होळकरी कागद या दृष्टीनें तपासावे, ही विनंति.