पाटी काढल्याने भेद जातो काय?

हेतू चांगला असेल तर थोडीफार बंदी सोसावी, असे आपले अनेक पुरोगामी मित्र सांगतात. त्यांच्यासाठी आम्ही आज अमेरिकेतील विलिंगबरो या गावाची हकीकत मांडत आहोत. प्रश्न घरापुढच्या एका पाटीचा होता. पण त्या पाटीमागे वर्णभेदाचा सगळा इतिहास उभा होता.

न्यू जर्सी राज्यातील या गावात १९५० च्या दशकाच्या अखेरीस लेव्हिट कंपनीने हजारो घरांची वसाहत उभारायला घेतली. घरे फक्त गोऱ्यांना विकायची, हे कंपनीचे धोरण उघड होते. कृष्णवर्णीय ग्राहकांनी दाद मागितली आणि १९६० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीविरुद्ध निकाल दिला. त्या साली गावात गोरेतर माणसे होती अवघी ६०. १९७० पर्यंत ती पाच हजारांवर गेली आणि १९७३ पर्यंत लोकसंख्येच्या १८ टक्के झाली. मग गोरे घरे विकून निघून जातील, ही धास्ती सुरू झाली.

मार्च १९७४ मध्ये गावाच्या कौन्सिलने नियम केला : घरापुढे 'विक्रीस आहे' किंवा 'विकले' अशी पाटी लावायची नाही. पाट्या दिसल्या की घबराट पसरते, घबराटीतून आणखी घरे विक्रीला निघतात. तेव्हा पाट्याच नकोत आणि मिश्र वस्ती टिकावी, असा हेतू. आम्ही स्वतःला विचारले, त्या सभेत आम्ही असतो तर हात वर केला असता काय? प्रामाणिक उत्तर असे, की बहुधा केला असता.

लिनमार्क असोसिएट्स या कंपनीला आपली मालमत्ता विकायची होती. ती कोर्टात गेली. खालच्या कोर्टाने बंदी रद्द केली, अपील कोर्टाने ती पुन्हा उचलून धरली. २ मे १९७७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी ती कायमची मोडीत काढली. निकाल लिहिला थरगुड मार्शल यांनी. शाळांमधील वर्णविभाजनाविरुद्धचा १९५४ चा ऐतिहासिक खटला लढवणारे वकील आणि त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती ते हेच.

मिश्र वस्तीचे ध्येय मोलाचेच आहे, असे मार्शल यांनी मान्य केले. परंतु घबराटीने विक्री होत असल्याचा पुरावा गावाला देता आला नव्हता. शिवाय नियम पाटीच्या आकाराचा किंवा जागेचा नव्हता. बाकी पाट्या चालत होत्या, नको होता तो फक्त एक मजकूर. लोक खरी माहिती वाचून चुकीचे वागतील म्हणून माहितीच दडपायची, हा अधिकार सरकारला नाही. गावाने लोकांना समजवावे, राहणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावे.

१९४२ साली याच न्यायालयाने निव्वळ व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तीचे संरक्षण नाकारले होते. १९७६ साली ती भूमिका बदलली. भारतातही असाच प्रवास झाला. १९६० च्या हमदर्द खटल्यात औषधांच्या जाहिरातींना संरक्षण मिळाले नाही. १९९५ च्या टाटा प्रेस खटल्यात व्यापारी जाहिरातही कलम १९(१)(क) मध्ये बसते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ पालिकेने हात बांधून बसावे असा नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग कोसळून १७ माणसे मेली. पालिकेची मर्यादा होती ४० बाय ४०. आकार, पाया, जागा, मजबुती यांचे नियम काटेकोर हवेतच. आमचा आक्षेप मजकुराला भिणाऱ्या कायद्याला आहे.

कारण भेदाला पाटी लागत नाही. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. आजही आडनाव ऐकल्यावर 'घर आत्ताच गेलं' असे सांगितले जाते. त्याची जाहिरात कोण करतो? विलिंगबरोच्या कौन्सिलने पाटीवर हात टाकला, कारण ते सोपे होते. शेजारी कृष्णवर्णीय आला म्हणून घर सोडणाऱ्या मनाला हात घालणे अवघड होते.

तेव्हा मित्रांनो, कुणी पाटी काढून समता आणू म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा : दार कधी उघडणार?

जय भीम!