दानपत्रांतील वंशकथा : राष्ट्रकूट, लट्टलूर आणि कंधार

१

लातूरचे प्राचीन नाव 'लट्टलूर' आणि राष्ट्रकूट सम्राट मूळचे तेथले, हे विधान मराठवाड्याच्या इतिहासलेखनात इतके रुळले आहे की, त्यामागील पुराव्याचे स्वरूप कोणते, हा प्रश्न सहसा उपस्थित केला जात नाही. हा पुरावा मुख्यतः ताम्रपटांचा व शिलालेखांचा, म्हणजे बव्हंशी दानलेखांचा आहे. दानलेख ही एकाच वेळी कायद्याची आणि काव्याची संहिता असते. इतिहासकार तिच्यातून वंशावळ काढून घेतो व काव्य बाजूला ठेवतो. साहित्याचा अभ्यासक तिच्याकडे क्वचितच वळतो. या श्रमविभागणीत एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. ती म्हणजे, वंशावळ हाच त्या संहितेतील सर्वांत काव्यमय भाग असतो.

अन्यत्र कुळांचा शोध ज्या साधनांनी घेतला जातो, त्यांच्याशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींमधल्या एखाद्या संदिग्ध घराण्याचा माग काढणारा संशोधक प्रथम जुनी मृत्युपत्रे पाहतो. मृत्युपत्र मालमत्तेची वाटणी करते. म्हणून पत्नी, मुलगे, विवाहित मुली, जावई यांची नावे त्यात येतात. ती स्तुतीसाठी येत नाहीत, हक्कासाठी येतात. दख्खनमध्ये अशा दस्तऐवजाला फारसे प्रयोजन नव्हते. आजच्या लातूर जिल्ह्याच्या सीमेलगतच असलेल्या कल्याणीत, चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. तिच्या मते वडिलार्जित संपत्तीत पुत्राचा हक्क जन्मानेच निर्माण होतो. जे जन्मतःच मिळालेले आहे ते मरतेवेळी लिहून देण्याचा प्रश्न उरत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीने मात्र भूमिदान करणाऱ्या राजाला, वस्त्रावर किंवा ताम्रपटावर आपल्या पूर्वजांची व स्वतःची नोंद करण्यास सांगितले आहे. विज्ञानेश्वराच्या टीकेप्रमाणे ही नोंद पणजोबा, आजोबा आणि पिता यांच्या पराक्रमादी गुणांच्या वर्णनासह व्हावयाची असते. म्हणजे मृत्युपत्र वंशजांकडे पाहते, तर दानपत्र पूर्वजांकडे. आणि पूर्वजांचे गुणवर्णन हे त्याच्या वैधतेचेच एक अंग ठरते. कवीला राजशासनात प्रवेश मिळाला तो या वाटेने.

२

राष्ट्रकूटांच्या सत्तेचा पाया घालणाऱ्या दंतिदुर्गाच्या सामानगड ताम्रपटाचा काळ शके ६७५, म्हणजे इ. स. ७५३-५४ असा आहे. त्यात वंशाचा आरंभ पहिल्या गोविंदराजापासून होतो. वेरूळच्या दशावतार लेण्यातील लेख थोडा मागे, दंतिवर्म्यापर्यंत जातो. दोन्ही ठिकाणी मानवी पिढ्यांपलीकडे झेप नाही. यदू नाही, चंद्र नाही.

सुमारे अर्धशतकानंतर, तिसऱ्या गोविंदाच्या वणी-दिंडोरी व राधनपूर येथील ताम्रपटांत (इ. स. ८०७-०८) एक उपमा येते. श्रीकृष्णाच्या जन्मामुळे जसा यादववंश, तसा या राजाच्या जन्मामुळे राष्ट्रकूटवंश शत्रूंना अजिंक्य झाला, असा तिचा आशय आहे. ही उपमा वंशेतिहासाच्या दृष्टीने निर्णायक मानावी लागते. उपमेला उपमेय आणि उपमान भिन्न असावे लागतात. ज्याने राष्ट्रकूटांची तुलना यादवांशी केली, त्याच्या लेखी राष्ट्रकूट हे यादव नव्हते. असते तर तुलनेला अर्थच उरला नसता.

पुढे अमोघवर्षाच्या दीर्घ कारकीर्दीच्या उत्तरार्धापासून हा भेद पुसला जाऊ लागतो आणि राष्ट्रकूट यदुवंशात जन्मले असे सरळ विधान होऊ लागते. तिसऱ्या इंद्राच्या बगुम्रा ताम्रपटांत (शके ८३६, इ. स. ९१५) ते यदुवंशातील सात्यकीच्या शाखेचे ठरतात. तिसऱ्या कृष्णाच्या, वर्धा जिल्ह्यातील देवळी येथील ताम्रपटात (शके ८६२, इ. स. ९४०) तर 'रट्ट' नावाचा मूळपुरुष आणि 'राष्ट्रकूट' नावाचा त्याचा पुत्र अवतरतो. कुलनामापासून पुरुष घडवला जातो. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या या प्रवासात नवा पुरावा कोठेही सापडलेला नाही. अलंकाराचा दर्जा तेवढा बदललेला आहे. साम्याचे अभेदात आणि अभेदाचे वस्तुस्थितीत रूपांतर झाले.

या रूपांतराला कर्तेही आहेत. बगुम्रा ताम्रपटांचा रचयिता नेमादित्याचा पुत्र त्रिविक्रमभट्ट हा आहे, आणि 'नलचंपू'चा कर्ता तोच, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 'नलचंपू' हे उपलब्ध चंपूकाव्यांतील सर्वांत प्राचीन मानले जाणारे काव्य असून श्लेषासाठी विख्यात आहे. एका शब्दातून दोन अर्थ काढण्यात ज्याची प्रतिभा रमते, त्याच्याकडे राजघराण्याची वंशावळ लिहिण्याचे काम आले, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. प्रशस्तिकार खोटे लिहीत होता असा याचा अर्थ नव्हे. त्याच्या संकेतव्यवस्थेत सम्राटाला साजेसा पूर्वज देणे हा औचित्याचाच भाग होता.

वंशातील माणसांचेही असेच पुनर्लेखन होते. सामानगड ताम्रपट दंतिदुर्गाची माता चालुक्यकुळातील असल्याचे गौरवाने नोंदवतो. तिचे कुळ ही तेव्हा प्रतिष्ठेची खूण होती. अमोघवर्षाच्या संजाण ताम्रपटात (शके ७९३, इ. स. ८७१) त्याच विवाहाचा राक्षसविवाह होतो आणि वधू रणात जिंकून आणली जाते. मध्यंतरी चालुक्यांची सत्ता लयाला गेली होती आणि सोयरिकीपेक्षा विजयाची कथा अधिक शोभणारी झाली होती. दंतिदुर्गानंतर त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर कसा आला, याविषयीही एकवाक्यता नाही. इ. स. ८१२ चा बडोदे ताम्रपट त्याने कुमार्गाला लागलेल्या एका आप्ताला दूर केल्याचे सांगतो, इ. स. ९७२ चा कर्डा ताम्रपट दंतिदुर्ग निपुत्रिक वारल्याचे नोंदवतो. काही ताम्रपटांतून दुसऱ्या गोविंदाचे नावच गळते. मृत्युपत्रात एखाद्या वारसाचे नाव गळाले तर तंटा उभा राहतो. प्रशस्तीत ते गळाले तर तंटा मिटवला गेलेला असतो.

३

वंशाची कथा अशी प्रवाही असताना 'लट्टलूर' हे स्थलनाम मात्र स्थिर राहिले. अमोघवर्षाच्या काळातील निलगुंद आणि सिरूर येथील शिलालेखांत (शके ७८८, इ. स. ८६६) त्याला 'लट्टलूरपुरपरमेश्वर' म्हटले आहे. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही लट्टलूरच्या अधीश्वरत्वाचे हे बिरुद धारण केले. त्यांची सत्ता बेळगावच्या परिसरात होती. फ्लीट यांनी आरंभी हे नगर मध्य प्रांतातील रत्नपूर असावे असे सुचवले होते; नंतर त्यांनी ते लातूर असल्याचे मत स्वीकारले. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात ते पुढे नेले.

परंतु 'पुरवराधीश्वर' हे बिरुददेखील एक वाङ्मयीन संकेत आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. कोकणातील व कोल्हापूरचे शिलाहार स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. देवगिरीचे यादव 'द्वारावतीपुरवराधीश्वर' होते आणि होयसळही. देवगिरीहून किंवा हळेबीडहून द्वारकेवर राज्य चालत नव्हते. ही बिरुदे अधिकारक्षेत्र सांगत नाहीत. कुळाने जपलेली, किंवा जपावीशी वाटलेली, स्मृती सांगतात.

तथापि या स्मृतींतही तरतम करता येतो. द्वारावती हे पुराणप्रसिद्ध नगर आहे. ते सांगण्यात लाभ उघड आहे. तगर निदान जुनी, दूरदेशी ख्याती असलेली बाजारपेठ होती. लट्टलूरला यांपैकी काहीच नव्हते. ज्या नावाने प्रतिष्ठा वाढत नाही, ते नाव मान्यखेटच्या सम्राटाने मिरवावे, यातच त्याच्या अस्सलपणाचा संभव अधिक दिसतो. मात्र निष्कर्ष याहून पुढे ताणता येत नाही. ते बिरुद दंतिदुर्गानंतर शतकाहून अधिक काळाने दिसते. घराणे लातूरला आपले मूळ मानीत होते, इतकेच ते सिद्ध करते. तेथे त्यांनी राज्य केले होते, हे सिद्ध करीत नाही.

नांदेड जिल्ह्यातील कंधारची स्थिती याहून वेगळी आहे. तेथील तिसऱ्या कृष्णाच्या काळातील शिलालेखात देवालये, इतर वास्तू आणि त्यांच्या नित्य खर्चाची तरतूद यांची नोंद येते. 'जगत्तुंगसमुद्र' या जलाशयाचे नाव येते. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद होते, आणि कंधारचा तलाव आजही त्याच नावाने ओळखला जातो. फुले, दिवे, नैवेद्य यांचा हिशेब मांडणाऱ्या अशा मजकुराला सात्यकीची गरज नसते. दानलेखाच्या पूर्वार्धात वंश असतो आणि उत्तरार्धात गाव, चतुःसीमा, दान घेणाऱ्याचे नाव व उत्पन्न. मृत्युपत्राशी खरे नाते जडते ते या उत्तरार्धाचे. चतुःसीमा चुकली तर शेजारी जाब विचारतो. पूर्वज चुकला तर विचारणारा कोणी नसतो. कंधार हे राष्ट्रकूटांच्या व्यवहाराचे नगर होते, लट्टलूर हे त्यांच्या आठवणीचे. दोन्ही पुरावेच आहेत, पण एकाच प्रतीचे नव्हेत.

४

हा भेद न पाळल्याचा परिणाम राष्ट्रकूटांच्या 'भाषे'च्या वादात दिसतो. रा. गो. भांडारकरांनी त्यांचे नाते प्राचीन रठ्ठांशी आणि पर्यायाने मराठ्यांशी जोडले, चिं. वि. वैद्यांनी त्यांना मराठे मानले. बर्नेल यांना ते तेलुगू रेड्ड्यांशी संबद्ध वाटले. अळतेकरांनी त्यांचे मूळ कानडी असल्याचे प्रतिपादन केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले आणि उरलेल्या बीदरचा बहुतांश भाग म्हैसूरला गेला. त्यानंतर या प्रश्नाला अभ्यासाबाहेरचीही धार आली. लातूर महाराष्ट्रात, म्हणून राष्ट्रकूट मराठी. किंवा 'कविराजमार्ग' अमोघवर्षाच्या दरबारी रचला गेला, म्हणून ते कानडी, असे युक्तिवाद दोन्हीकडून होत राहिले.

वास्तविक 'कविराजमार्गा'ने कन्नड प्रदेशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. आजचे लातूर व कंधार त्या वर्णनाच्या आत येतात. त्याच मान्यखेटात तिसऱ्या कृष्णाच्या काळी पोन्नाने कन्नडमध्ये लिहिले, आणि इ. स. ९६५ मध्ये पुष्पदंताने अपभ्रंशातील 'महापुराण' पूर्ण केले. दानपत्रांची भाषा बहुधा संस्कृत होती. ज्या दरबारात इतक्या भाषा आपापल्या कामाला होत्या, त्याला एकच मातृभाषा चिकटवण्याचा आग्रह हा नवव्या शतकाचा नव्हे, विसाव्या शतकाचा आहे. त्रिविक्रमभट्टाने सम्राटाला साजेसा पूर्वज दिला; आधुनिक प्रादेशिक अस्मिता स्वतःला साजेसा सम्राट मागते. प्रक्रिया एकच आहे. फरक इतकाच की, जुन्या प्रशस्तिकाराला आपण काव्य लिहीत आहोत याचे भान होते.

म्हणून राष्ट्रकूटांच्या मूळस्थानाचा शोध घेताना आधी त्या संहितेच्या वाचनाची रीत ठरली पाहिजे. कोणते विधान हिशेबाचे, कोणते स्मरणाचे आणि कोणते अलंकाराचे, हे ओळखण्याचे काम साहित्यसमीक्षेच्या कक्षेतले आहे, आणि ते तिने पुराभिलेखविद्येवर सोपवून चालणार नाही. अशा वाचनानंतरही लातूरचा मान उणावत नाही. यदू, सात्यकी, रट्ट ही सारी नावे प्रशस्तिकारांनी बाहेरून आणली. लट्टलूर हे नाव त्या घराण्याने स्वतःबरोबर आणले असावे, इतके म्हणण्यास आधार उरतो. कंधारच्या शिलेवरचा हिशेब त्याहून भक्कम आहे. पण तो आठवणीविषयी काही सांगत नाही.