घरात उभा केलेला बालाघाट

विल्यम लॅम्बटन त्रिकोण मोजत दक्षिणेतून वर आला आणि १८२३ साली हिंगणघाटला वारला. हयात गेली त्या कामात! फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ यानानं रडार लावून अकरा दिवसांत जगातल्या बहुतेक जमिनीची उंची टिपली. आपल्याकडचे तीस मीटरचे आकडे खुले व्हायला मात्र २०१५ उजाडलं; तोवर नव्वदवर भागवलं. आता ते फुकट उतरवून, फुकटच्याच क्यूजीआयएसमध्ये राणीसावरगावच्या बालाघाटाचे डोंगर घरी उभे करता येतात. उंची तिपटीनं ताणा, नाहीतर भाकरीसारखे सपाट दिसतील. पण तीस मीटरच्या चौकोनाला उंची एकच. दहा मीटरचा ओढा त्यात हरवतो. बंधारा कुठं घालायचा, हे अजूनही ओढ्याकाठच्या शेतकऱ्यालाच विचारावं लागतं.