आरोग्य परिणाम समन्वयक

आरोग्य परिणाम समन्वयक म्हणजे एखादे रुग्णालय, शासकीय आरोग्य कार्यक्रम किंवा स्वयंसेवी संस्था यांच्या कामामुळे लोकांच्या आरोग्यात प्रत्यक्ष कोणता बदल झाला, याचे मोजमाप करणारी व किंवा इतरांकडून ते करवून घेणारी व्यक्ती होय. किती रुग्ण बरे झाले, किती दगावले आणि किती जणांचा पुढे ठावठिकाणा लागला नाही, हे या कामातील मूलभूत प्रश्न आहेत. भारतात हे काम करणाऱ्यांची पदनामे एकसारखी नाहीत. शासकीय यंत्रणेत सनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी, स्वयंसेवी संस्थांत कार्यक्रम किंवा मूल्यमापन समन्वयक, तर रुग्णालयांत गुणवत्ता समन्वयक अशी नावे आढळतात. हे काम वैद्यकशास्त्र, संख्याशास्त्र आणि क्षेत्रीय पाहणी या तिन्हींच्या सीमेवर येते.

संकल्पना

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे मापन रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन अंगांनी करण्याची पद्धत अवेदिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून रूढ झाली. इमारत, खाटा, उपकरणे व मनुष्यबळ यांचा समावेश रचनेत होतो. तपासणी, औषधोपचार, शस्त्रक्रिया व समुपदेशन या प्रक्रिया होत. रुग्णाच्या प्रकृतीत, कार्यक्षमतेत किंवा जगण्यात पडलेला फरक हा परिणाम होय.

कार्यक्रमांच्या मूल्यमापनात प्रक्रियेतून तत्काळ हाती येणारे उत्पादन आणि त्यानंतर दिसणारा परिणाम यांतही भेद केला जातो. उदाहरणार्थ, गोवराची लस टोचलेल्या बालकांची संख्या हे उत्पादन आहे, तर गोवराचे रुग्ण व त्यामुळे होणारे मृत्यू कमी होणे हा परिणाम आहे. शीतसाखळी बिघडल्यामुळे लस निष्प्रभ झाली असेल, तर उत्पादनाचा आकडा चांगला दिसूनही परिणाम शून्य राहू शकतो. उत्पादन नोंदवहीतून मोजता येते. परिणाम मोजण्यासाठी मात्र सेवा दिल्यानंतर काही काळाने त्या व्यक्तीपर्यंत पुन्हा पोहोचावे लागते.

इतिहास

१८४७ मध्ये व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी दोन विभागांतील मातामृत्यूंची तुलना केली. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विभागात मृत्यू अधिक होत होते. क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम लागू केल्यावर ते झपाट्याने घटले. क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सैनिकांचे बहुसंख्य मृत्यू जखमांमुळे नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांमुळे झाले होते, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये आकृत्यांच्या साहाय्याने मांडले. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात आकडेवारी ठेवावी, असा आग्रहही त्यांनी धरला. नमुने वेगळे असतील तर दोन रुग्णालयांची तुलना करता येत नाही, हे त्यामागील कारण होते.

अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन (१८६९–१९४०) यांनी प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर किमान एक वर्ष पाठपुरावा करून ‘अंतिम परिणाम’ पत्रकावर नोंदवण्याची पद्धत सुचवली. उपचार यशस्वी झाला नसेल तर त्याचे कारणही नोंदवावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी १९११ मध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय सुरू केले. तेथून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांतील १२३ चुका त्यांनी जाहीरपणे प्रसिद्ध केल्या. समव्यावसायिकांच्या रोषामुळे त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. आज मात्र परिणाम मापनाच्या प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

कामाचे स्वरूप

समन्वयकाचे काम कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच सुरू होते. प्रथम कार्यक्रमाचे उद्दिष्ट मोजता येईल अशा निर्देशकात मांडले जाते. ‘माता व बालकांचे आरोग्य सुधारणे’ हे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘दर हजार जिवंत जन्मांमागे २८ दिवसांच्या आत होणारे मृत्यू’ हा निर्देशक मोजता येतो. त्यानंतर कार्यक्रमापूर्वीची स्थिती दाखवणारी पायाभूत पाहणी केली जाते. ती नसल्यास नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करावी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

प्रत्येक दराला अंश आणि छेद असतो. व्यवहारात अधिक चुका छेदात होतात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची रूढी महाराष्ट्रात आढळते. बाळाचा जन्म माहेरच्या गावात नोंदला गेला आणि मृत्यू सासरच्या गावात झाला, तर एका गावाच्या नोंदीत केवळ जन्म व दुसऱ्या गावाच्या नोंदीत केवळ मृत्यू दिसतो. ऊसतोडणीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील घटना दोन्हीकडे सुटण्याची शक्यता असते. म्हणून कोणाला त्या गावाचा नेहमीचा रहिवासी मानायचे, याचा नियम आधीच ठरवून सर्व कार्यकर्त्यांना शिकवावा लागतो.

गोळा झालेली माहिती तपासणे हा कामाचा पुढचा टप्पा होय. २.५ किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ अल्पवजनी मानले जाते. एखाद्या केंद्राच्या नोंदवहीत नेमके २.५ किलो वजन वारंवार आढळले, तर वजन काट्यावर न घेता अंदाजाने लिहिले गेले असावे, अशी शंका घेतली जाते. बहुतेक सर्व रुग्णांचा रक्तदाब १२०/८० असणे, सर्व नोंदी एकाच शाईने व एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसणे, किंवा एखाद्या केंद्रात वर्षभर एकही मृत्यू नसणे, याही तपासणीच्या जागा होत. अशा वेळी काही नोंदी यादृच्छिक पद्धतीने निवडून त्या घरी प्रत्यक्ष भेट दिली जाते.

शेवटचा टप्पा निष्कर्ष परत पोहोचवण्याचा असतो. आशा कार्यकर्ती, परिचारिका व वैद्यकीय अधिकारी यांना स्वतःच्या गावाचे वा केंद्राचे आकडे समजतील अशा स्वरूपात मिळाले नाहीत, तर नोंदी ठेवणे हे त्यांच्यासाठी केवळ अतिरिक्त ओझे ठरते आणि कालांतराने नोंदींचा दर्जाही घसरतो.

क्षयरोग उपचारांतील परिणाम मापन

क्षयरोग नियंत्रणात समगट विश्लेषणाची पद्धत वापरली जाते. ठरावीक तिमाहीत उपचारासाठी नोंदल्या गेलेल्या सर्व रुग्णांचा एक गट धरला जातो आणि त्यातील प्रत्येकाचा परिणाम कोणत्या ना कोणत्या वर्गात लिहिला जातो. बरा झाला, उपचार पूर्ण झाले, उपचार अयशस्वी, मृत्यू, पाठपुरावा तुटला आणि मूल्यमापन झाले नाही, असे हे वर्ग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये सुधारित व्याख्या लागू केल्या. उपचार सोडणाऱ्या रुग्णासाठी पूर्वी वापरला जाणारा दोषदर्शक शब्द त्या वेळी वगळण्यात आला व ‘पाठपुरावा तुटला’ हा वर्ग आला.

या पद्धतीचे महत्त्व पुढील काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येते. समजा, १०० रुग्णांपैकी ८० जण बरे झाले किंवा त्यांचे उपचार पूर्ण झाले, ४ जण मरण पावले, २ जणांवर उपचार अयशस्वी ठरले, १० जणांचा पाठपुरावा तुटला आणि ४ जणांचे मूल्यमापन झाले नाही. यशाचे प्रमाण ८० टक्के येते. ज्यांचा परिणाम माहीत नाही ते १४ रुग्ण छेदातून वगळले, तर तेच प्रमाण सुमारे ९३ टक्के दिसते. उपचारांत कोणताही फरक न पडता आकडा सुधारतो आणि ज्या रुग्णांकडे सर्वाधिक लक्ष देण्याची गरज आहे, नेमके तेच अहवालातून नाहीसे होतात.

भारतातील मापन व्यवस्था

भारतात आरोग्य परिणामांविषयीची माहिती प्रामुख्याने तीन मार्गांनी मिळते. आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणाली (एचएमआयएस) २००८ मध्ये ऑनलाइन सुरू झाली. तीत आरोग्य केंद्रे व रुग्णालये आपल्या सेवांची नियमित आकडेवारी भरतात. दुसरा मार्ग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आहे. तिची पहिली फेरी १९९२–९३ मध्ये, तर पाचवी २०१९–२१ मध्ये झाली. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या पाहणीची समन्वयक संस्था आहे.

तिसरा मार्ग म्हणजे भारताच्या महानिबंधक कार्यालयाची नमुना नोंदणी पद्धती. ती १९६४–६५ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली व १९६९–७० पासून पूर्णपणे अमलात आली. निवडलेल्या गावात किंवा वस्तीत स्थानिक प्रगणक जन्म-मृत्यूंची सतत नोंद ठेवतो. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघरी जाऊन त्याच घटनांची पाहणी करतो. दोन्ही याद्या जुळवून पाहिल्या जातात आणि न जुळणाऱ्या घटनांची जागेवर फेरतपासणी होते. या पद्धतीनुसार २०२० मध्ये भारताचा अर्भकमृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे २८, तर महाराष्ट्राचा १६ होता. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हाच दर सुमारे २३ आढळला. या पाहणीतील दर मातांना विचारलेल्या प्रसूतींच्या इतिहासावरून आणि पाहणीपूर्वीच्या पाच वर्षांसाठी काढलेला असतो. त्यामुळे दोन स्रोतांतील आकड्यांची थेट तुलना करण्यापूर्वी पद्धत व कालावधी तपासणे आवश्यक ठरते.

गडचिरोलीतील क्षेत्रीय प्रयोग

महाराष्ट्रातील परिणाम मापनाचे सर्वपरिचित उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील आहे. अभय बंग व राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग ३९ गावांत केला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली. १९९३ ते १९९५ या काळात पायाभूत माहिती गोळा करण्यात आली. तेव्हा नवजात मृत्युदर प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२, तर तुलनेच्या गावांत ५८ होता. १९९५ ते १९९८ या काळात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली व जंतुसंसर्गावर उपचार केले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील दर २५.५ पर्यंत खाली आला. तुलनेच्या गावांतील बदल जमेस धरता ही निव्वळ घट सुमारे ६२ टक्के होती. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात दोन्ही प्रकारच्या गावांतील जन्म-मृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या आरोग्यसेविकांकडे नव्हती. ती वेगळ्या कार्यकर्त्यांकडे सोपवलेली होती. आपल्या कामाचे यश आपणच मोजल्याने येणारा कल त्यामुळे टळला, तर तुलनेच्या गावांमुळे सर्वसाधारण प्रगतीचे श्रेय प्रयोगाला दिले जाण्याची शक्यता कमी झाली. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देशभर सुरू केली. बंग व सहकाऱ्यांच्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ मधील अहवालाने महाराष्ट्रातील अनेक बालमृत्यू शासकीय नोंदीत येतच नसल्याचे निदर्शनास आणले.

मर्यादा व नैतिक प्रश्न

निर्देशकाचे रूपांतर सक्तीच्या उद्दिष्टात झाले की त्याची विश्वासार्हता घटते. भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात दीर्घकाळ शस्त्रक्रियांच्या संख्येला यशाचे माप मानले गेले. उद्दिष्ट गाठण्याच्या दडपणातून आणीबाणीच्या काळात सक्तीच्या नसबंदीचे प्रकार घडले. साधननिहाय उद्दिष्टे देण्याची पद्धत १९९६ मध्ये केंद्र शासनाने बंद केली. मृत्यू नोंदवल्याबद्दल कर्मचाऱ्यावरच कारवाई होत असेल, तर मृत्यू न नोंदवण्याकडे कल वाढतो. त्यामुळे मृत्यू नोंदवणे आणि मृत्यूबद्दल दोषी ठरवणे या दोन प्रक्रिया वेगळ्या ठेवाव्यात, असे मानले जाते.

रुग्णालयांच्या तुलनेत जोखीम समायोजनाचा प्रश्न येतो. अत्यवस्थ रुग्ण स्वीकारणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मृत्यूंचे प्रमाण लहान खासगी रुग्णालयापेक्षा अधिक असणे स्वाभाविक आहे. वय, आजाराची तीव्रता व सहव्याधी यांचा हिशेब न करता केलेली क्रमवारी गंभीर रुग्णांना नाकारणाऱ्या रुग्णालयाला अनुकूल ठरते.

एचआयव्ही, क्षयरोग, मानसिक आजार किंवा गर्भपात यांविषयीच्या नोंदी उघड झाल्यास रुग्णाचे सामाजिक नुकसान होऊ शकते. म्हणून नावाऐवजी संकेतांक वापरणे, संमती घेणे व माहितीपर्यंतचा प्रवेश मर्यादित ठेवणे या जबाबदाऱ्या समन्वयकावर असतात. लहान गावात केवळ वय व आजार सांगितला तरी व्यक्ती ओळखू येते, याचे भान अहवाल लिहिताना ठेवावे लागते.

शिक्षण व कौशल्ये

या क्षेत्रात सार्वजनिक आरोग्य, संख्याशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजकार्य किंवा परिचर्या यांचे शिक्षण घेतलेल्या व्यक्ती येतात. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) व टाटा सामाजिक विज्ञान संस्था येथे संबंधित विषयांचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे. नमुना निवड, प्रश्नावली तयार करणे व संगणकीय विश्लेषण यांसोबतच स्थानिक बोलीचे ज्ञानही उपयुक्त ठरते. घरातील मृत्यूविषयी नातेवाइकांना विचारताना दुखवट्याचा काळ जाऊ देणे आणि प्रश्न सौम्य शब्दांत मांडणे, हेही या प्रशिक्षणाचा भाग मानले जाते.

हे सुद्धा पहा

अर्भकमृत्यू दर
नमुना नोंदणी पद्धती
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी
आशा कार्यकर्ती
जैवसंख्याशास्त्र