कुवेत ते अंजनवेल

वासिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तर काठावर दाभोळ आहे, दापोली तालुक्यात. समोरच्या दक्षिण काठावर अंजनवेल आणि वेलदूर, ती गावे गुहागर तालुक्यात येतात. ‘दाभोळ वीज प्रकल्प’ म्हणून जो जगभर गाजला तो दाभोळात नाही, खाडीपलीकडे अंजनवेलच्या सड्यावर आहे. नाव मात्र दाभोळचे लागले आणि बदनामीही दाभोळच्याच वाट्याला आली. या प्रकल्पावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यात एन्रॉन आहे, मंत्री आहेत, न्यायालये आहेत. आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात मात्र या कहाणीचा आधीचा भाग घडलेला आहे, आणि तो सहसा कुणी जोडून दाखवत नाही. कुवेतची लढाई आम्ही नशिबाच्या खात्यात टाकली, एन्रॉन राजकारणाच्या. दोन्ही एकाच वहीत मांडून पाहावे, एवढ्यासाठी हा लेख.

दाभोळ हे बहमनी राज्याचे आणि त्यानंतर विजापूरच्या आदिलशाहीचे मोठे बंदर. होर्मुझ, एडन, जेद्दा या बाजूंनी इथे गलबते येत. अरबी घोडे उतरत, कापड आणि मसाले चढत, हजचे यात्रेकरू इथूनच निघत. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात दख्खन पाहून परत निघाला, तो दाभोळहूनच होर्मुझच्या गलबतात बसला. किनाऱ्यावरच्या शाही मशिदीची कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे : विजापूरची शाहजादी मक्केला निघाली, पुढचा प्रवास थांबला, आणि बरोबर आणलेले धन तिने मशिदीत घातले. कथेतले किती खरे हा वेगळा प्रश्न. पण मक्केची वाट दाभोळवरून जाते, हे त्या काळी सांगावे लागत नव्हते एवढे त्यातून कळते. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे बंदर जाळले, रहिवाशांची कत्तल केली. दाभोळ त्यानंतरही उठले, पण समुद्रावरचा हुकूम दुसऱ्याचा झाला होता.

त्या व्यापाराचे इंधन वारा होते. वाऱ्याला किंमत नव्हती, मालक नव्हता. फक्त हंगाम होता. पावसाळ्यात गलबते ओढून किनाऱ्यावर घ्यायची आणि वारा फिरला की पुन्हा सोडायची. पुढे मुंबई वाढली, आगबोटी आल्या, कोळसा आला. रत्नागिरी जिल्ह्यातला दर्यावर्दी मुसलमान आपल्या गलबतावरून उतरला आणि साहेबाच्या आगबोटीवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून चढला. समुद्र तोच होता, पण आता पगार होता आणि गलबत दुसऱ्याचे होते.

तिसरे इंधन तेल. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची कोंडी केली, आणि १९७४ उजाडेपर्यंत तेलाचा भाव तीन-चार महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. भारत सरकारची झोप उडाली. आमच्या मोहल्ल्यांत मात्र दुसरीच हालचाल सुरू झाली. ज्या पैशाने दिल्लीचे आयात-बिल फुगले, त्याच पैशातून कुवेत, दुबई, दोहा, दम्माम इथे रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्यांना गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर, कारकून हवे होते. मुंबईचा खलाशी आखाताचा कामगार झाला. कोकणात चिऱ्याच्या भिंतीवर स्लॅब पडला, मशिदींचे नवे मिनार उभे राहिले, उर्दू शाळांना इमारती मिळाल्या, आणि बायकांच्या वाट्याला दोन वर्षांतून एकदा येणारा नवरा आला. या शेवटच्या गोष्टीवर आपल्या कथाकारांनी चांगले लिहिले आहे. अर्थकारणावर फारसे कुणी लिहिले नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. त्यांत कोकणातले किती ते मोजायला सरकारी वही उघडावी लागत नाही, मुसलमान वस्तीच्या कोणत्याही गावात विचारावे. बँका बंद, दिनाराला किंमत उरली नाही, मालक पळून गेलेला. बसमध्ये बसून बसरा, बगदाद, तिथून वाळवंटातून अम्मान, आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई, अशी ती परतीची वाट होती. विमानांच्या पाचशेच्या घरात फेऱ्या झाल्या. लोक हातात एक पिशवी घेऊन घरी आले. बुडालेल्या मालमत्तेची भरपाई संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून मिळाली, पण त्यासाठी वर्षे जावी लागली.

इथपर्यंतचे सगळ्यांना आठवते. यापुढचा धागा मुंबई-दिल्लीतून जातो.

त्या लढाईने तेलाचा भाव दोन-तीन महिन्यांत दुप्पट झाला. कुवेत आणि इराकमधून येणारा पैसा थांबला, निर्यात थांबली. परदेशातल्या भारतीयांनी इथल्या बँकांत ठेवलेल्या ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. सरकारची आर्थिक घडी आधीच विस्कटलेली होती, त्यामुळे सगळा दोष कुवेतवर टाकणे बरोबर नाही; पण शेवटचा धक्का तोच होता. १९९१ च्या जूनमध्ये देशाजवळचे परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. जुलैत रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण टाकले. रुपयाचे अवमूल्यन झाले. नरसिंह राव यांचे सरकार आणि मनमोहन सिंग यांचे नवे धोरण आले, आणि त्या धोरणात वीजनिर्मिती परदेशी भांडवलाला खुली झाली. शंभर टक्के मालकी परदेशी चालेल, भांडवलावर सोळा टक्के परताव्याची हमी, अशा अटी होत्या. १९९२ च्या मे महिन्यात सरकारी शिष्टमंडळ गुंतवणूकदार शोधत अमेरिकेला गेले. जूनमध्ये एन्रॉनची माणसे मुंबईत आली, आणि काही दिवसांतच, २० जूनला, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा मागवल्या नाहीत.

म्हणजे कुवेतहून पिशवी घेऊन परतलेला माणूस अजून घरी सावरत होता, तेवढ्यात त्याला परत पाठवणाऱ्या लढाईचे दुसरे टोक त्याच्याच किनाऱ्यावर येऊन पोचले.

जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पाला पैसे द्यायचे नाकारले : एवढी वीज लागणार नाही, आणि ती स्वस्तही नाही. तरी त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये युती सरकार आले आणि ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. १९९६ च्या जानेवारीत त्याच सरकारने त्याच कंपनीशी नवा करार केला, आणि प्रकल्प लहान न होता मोठा झाला : २०१५ ऐवजी २१८४ मेगावॉट. केंद्राची प्रतिहमी १९९६ च्या मे महिन्यात, तेरा दिवस टिकलेल्या सरकारच्या अखेरीस, मंजूर झाली. या एका बाबतीत सगळे पक्ष एका पंक्तीला बसले होते, असे म्हटले तर कुणी रागावू नये.

कराराचे मर्म दोन अटींत होते. पहिली अट : वीज घ्या अथवा न घ्या, केंद्र उभे असल्याचा ठरावीक आकार दर महिन्याला द्यायचा. दुसरी : हिशेब मोठ्या प्रमाणात डॉलरात. करार झाला तेव्हा एका डॉलरला ३१-३२ रुपये पडत. २००१ पर्यंत ४७ पडू लागले. सौदी रियालचा भाव डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे, दिरहमही डॉलरलाच बांधलेला. त्यामुळे १९९३ मध्ये हजार रियालचा ड्राफ्ट आला तर साधारण सव्वाआठ हजार रुपये हातात पडत, २००१ मध्ये साडेबारा हजार. रियाल वाढला म्हणून मोहल्ल्यात आनंद व्हायचा. रुपयाच्या त्याच घसरणीने खाडीकाठच्या वीजकेंद्राचे बिल चढत होते, आणि ते बिल ज्याच्या घरी कुणी आखातात नाही त्या शेतकऱ्याच्या, यंत्रमागवाल्याच्या, मालेगाव-भिवंडीच्या अन्सारी कारखानदाराच्या विजेत मिसळणार होते. आपल्या समाजाच्या दोन हातांत एकाच रुपयाची दोन टोके होती, ती अशी.

अंजनवेल-वेलदूर परिसरातल्या लोकांना हे डॉलरचे गणित नंतर कळले. त्यांचा प्रश्न आधीचा होता : जमीन, पाणी आणि खाडीतली मासळी. त्यांनी मोर्चे काढले, अडवणूक केली, तुरुंगात गेले. १९९७ च्या जूनमध्ये पोलिसांनी पहाटे वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरून बायकांना मारहाण केली, ओढत नेले. ॲम्नेस्टीने त्याच वर्षी त्यावर अहवाल काढला. १९९९ च्या जानेवारीत ह्यूमन राइट्स वॉचने सविस्तर अहवाल काढला, त्यात प्रकल्पावर ठेवलेल्या राज्य पोलिसांचा खर्च कंपनी देत होती हेही नोंदले आहे. परदेशी कंपनीने पैसे द्यायचे आणि आपल्या पोलिसांनी आपल्याच बायकांवर काठी उगारायची, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

पहिला टप्पा, ७४० मेगावॉटचा, १९९९ च्या मे महिन्यात सुरू झाला. इंधन होते नाफ्ता. दुसऱ्या टप्प्यासाठी द्रवरूप नैसर्गिक वायू यायचा होता, आणि तो ओमान आणि अबुधाबीहून. वीस वर्षांचे करार झाले होते. ज्या किनाऱ्यावर आमचे लोक नोकरीला गेले, तिथलाच वायू जहाजात भरून त्यांच्या गावाला येणार, जुन्या दाभोळ-होर्मुझच्या वाटेने! फरक इतकाच की वाऱ्याचे बिल कुणी पाठवत नव्हते.

तो वायू तेव्हा आलाच नाही. युनिटमागे २ रुपये ४० पैशांच्या आसपास सांगितलेली वीज २००० च्या अखेरीस ७ रुपयांवर गेली. मंडळाने बिले थकवली, कंपनीने केंद्राची हमी वाजवली. माधव गोडबोले समितीने एप्रिल २००१ मध्ये सगळ्या सरकारांच्या कारभारावर बोट ठेवले. मे २००१ अखेर केंद्र बंद पडले. दुसरा टप्पा तेव्हा बहुतेक बांधून झाला होता. २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली. खाजगीकरणाचे पहिले मोठे देऊळ शेवटी सरकारी पैशानेच दुरुस्त करावे लागले. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू काही वर्षे मिळाला, २०१३ मध्ये तोही आटला आणि केंद्र पुन्हा थांबले. २०१५ च्या अखेरीस काही भाग रेल्वेला वीज देण्यासाठी सुरू झाला. वायू उतरवण्याचा धक्का २०१३ मध्ये चालू झाला. पण लाटा अडवणारी भिंत पुरी नसल्याने कित्येक वर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकत नसे. म्हणजे पुन्हा गलबताचा हंगाम.

अंजनवेलनंतर तोच प्रश्न किनाऱ्याने दक्षिणेला सरकला. जैतापूरच्या ९९०० मेगावॉट अणुप्रकल्पाला साखरी नाट्याच्या मुसलमान मच्छीमारांनी विरोध केला, १८ एप्रिल २०११ रोजी गोळीबार झाला, एक तरुण मच्छीमार ठार झाला. आणि मग नाणार. राजापूर तालुक्यातल्या या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता वर्षाला सहा कोटी टन ठरली होती. २०१८ मध्ये त्यात भागीदार म्हणून एप्रिलमध्ये सौदी अरामको आली आणि जूनमध्ये अबुधाबीची राष्ट्रीय तेल कंपनी. ही नावे कोकणातल्या मुसलमानाला वर्तमानपत्रातून कळावी लागत नाहीत. ती त्याच्या बापाच्या ओळखपत्रावर, आलेल्या पाकिटावर, घरातल्या जुन्या कॅलेंडरवर छापलेली असतात. दम्मामला अरामकोच्या कुंपणाआड काम करणारा बाप आणि त्याच कंपनीच्या भागीदारीतल्या प्रकल्पाविरुद्ध राजापूर तालुक्यातल्या ग्रामसभेत हात वर करणारा मुलगा, ही माणसे एका घरातली असू शकत होती. मुलगा बापाच्या मिठाला जागला नाही असे कुणी म्हटले, तर त्याला विचारावे लागेल की बापाने तिथे मीठ खाल्ले होते की घाम गाळला होता.

मार्च २०१९ मध्ये नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना मागे घेण्यात आली. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याच तालुक्यात बारसूच्या सड्यावर, कातळशिल्पांच्या शेजारी, मातीच्या परीक्षणासाठी यंत्रे चढली, आणि गावातल्या बायका उन्हात वाटेवर आडव्या पडल्या.